सांगली पासिंगची २०१५ ची कॅमरी हायब्रिड घ्यावी का? सीटबेल्टवर अडकलोय

नमस्कार मंडळी,

आईचे गुडघे गेलेत, त्यात तिला गाडी लागते. दर महिन्याला कोल्हापूर-पुणे फेरी चुकत नाही आणि आमच्या हॅचबॅकमध्ये कराड येईपर्यंत ती अर्धी झालेली असते. म्हणून मागे ऐसपैस जागा असलेली मोठी सेडान बघतोय. बजेट आठ लाख, त्यामुळे जुनीच.

एक टोयोटा कॅमरी हायब्रिड मिळतेय. २०१५ चं मॉडेल, एमएच १०, ८४ हजार किलोमीटर, पहिलाच मालक, किंमत साडेसात. मालक डॉक्टर. (जुन्या गाड्या फक्त डॉक्टरच विकतात का हो?)

सांगलीला जाऊन चालवून आलो. इंजिन अडीच लिटरचं, पण गल्लीत नुसत्या बॅटरीवर सरकते तेव्हा आवाजच नाही. आई मागून म्हणाली, "चालू तरी केलीस का?" पाय लांब करून बसली आणि तासाभराने लिंबाची फोड न मागता उतरली. उतरताना हात द्यावा लागला, सीट खाली आहे. डॉक्टरांच्या गेटपाशी पाच माणसांनिशी गाडीचं पोट घासलं, तेही सांभाळून घेईन. हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशीच असल्यामुळे डिकी दिसते त्यापेक्षा लहान. वॉकर मावला, पुरे.

घोडं अडलंय भलतीकडेच. निघता निघता सहज मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी कायम आत गुंडाळलेला असतो त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ, आडवी, सरळ. पुढचे दोन्ही बेल्ट मात्र कोरे करकरीत, आणि त्यांच्या लेबलवर साल २०१९. डॉक्टर म्हणाले, मुलांनी चहा सांडला होता. चहा इतका सरळ सांडतो? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत काय झालं ते सांगायला नको, इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर होती.

पुरातली गाडी आहे की नाही हे पक्कं कसं कळेल? आणि पाणी शिरलं असेल, तर इतकी वर्षं चाललीय म्हणजे बॅटरी निभावली असं धरायचं का? गाडी मनात भरलीय, हे कबूल करतो.

प्रतिसाद १
हीच गाडी वापरतो. बॅटरी थंड ठेवायला केबिनमधली हवा ओढणारा पंखा असतो. मेकॅनिककडून मागची सीट काढून घ्या आणि त्या पंख्यात गाळ आहे का बघा. सीटचे रूळ, कार्पेटखालचा फोम, वायरिंगच्या जोडांवरचा हिरवट गंज, हे पॉलिशवाल्याच्या हाताखालून सुटतं. नारिंगी वायरींना तुम्ही स्वतः अजिबात हात लावू नका, २४५ व्होल्टचा मामला आहे. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून बॅटरीच्या एकेका ब्लॉकचं व्होल्टेज बघता येतं. एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर विषय संपला.

प्रतिसाद २
सीट नंतर काढा, आधी विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, दरवर्षी चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. २०१९ पर्यंत चढता आणि पुढच्या नूतनीकरणात एकदम शून्य दिसला, तर तो चहा नव्हे. आणि तो बोनस तुमच्या नावावर येत नाही, हेही हिशेबात धरा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. सकाळी फोन करून २०१८ ते २०२० च्या पॉलिसी मागितल्या. "सीएकडे आहेत, बघून सांगतो" म्हणाले. दुपारी त्यांचाच फोन. पॉलिसीचं नाव नाही, पण गाडी साडेसहाला देतो म्हणतात. मी भावाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती विचारतेय, ती मुकी गाडी कधी आणतोयस.