ओढ्याकाठची जुनी झाडं आणि वॉकिंग ट्रॅक: दोन एकरांत आखणी कशी करावी?

टेकडीउतार
पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी उद्यानासाठी आरक्षित दोन एकर जागा आहे. एका कडेने ओढा, काठाला वावळ, करंज, पांगारा. बाकी उघडा मुरूम. लोकांना ट्रॅक, खेळणी आणि ओपन जिम हवी आहे. नकाशात पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक थेट झाडांखालून नेलाय, सावलीसाठी. झाडं तगतील का?

मुरूमखडी
नाही. फक्त मरायला काही वर्षं लागतात, म्हणून दोष ट्रॅकवर येत नाही. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. पेव्हरसाठी फूटभर खोदाई, खडी, वर रोलर. खोदाईत मुळं तुटतात, रोलरने माती दबून हवा बंद होते.

ट्रॅक घेराबाहेरून काढा. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला लांबवर पडते, संध्याकाळी पूर्वेला. चालायची वेळही तीच. घेरातून जाणं टळतच नसेल तर तेवढ्या भागात खोदू नका: जमिनीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कृत्रिम कापड), त्यावर चार इंच मुरूम, पाणी मारून धुम्मसाने ठोका. सहा फूट रुंदीला दीड इंच आडवा उतार द्या, कडेला दगड बसवा. उताराच्या दिशेने सरळ गेलेला मुरूम पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातो.

आणि झाडाभोवती पार बांधून आत माती भरू नका. साल कुजते.

झोपाळा_१२
खेळणी उघड्या मुरमावरच बरी. पांगाऱ्याला काटे असतात. प्रत्येक खेळण्याभोवती सहा फूट मोकळे सोडा. झोपाळ्याला पुढे आणि मागे, दोन्हीकडे, त्याच्या आडव्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट जागा लागते. छोट्या बागांत नेमकं हेच चुकतं. चार फुटांपर्यंतच्या खेळण्यांखाली फूटभर चाळलेली नदीची वाळू. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) नको, ती घट्ट बसते. खाली निचरा नसेल तर जुलैत डबकं होतं. रबरी टाइल्स एप्रिलच्या उन्हात अनवाणी पायांना चटके देतात.

टेकडीउतार
दिव्यांच्या केबलचा चर झाडांमधूनच दाखवलाय. तो चालेल?

वावळ
चर ट्रॅकच्या बाहेरच्या, म्हणजे झाडांपासून लांबच्या कडेने न्या. ओढ्याकडे दिवे लावूच नका, घुबडं आणि वटवाघळं तिथून उठतील. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष जतन कायद्यात ‘झाड तोडणे’ या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. तेव्हा मुळं तोडणारा चर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी मांडा, नकाशा जोडून.

ओढ्याला काँक्रीटची भिंत नको. पालापाचोळा जाळू नका, तिथेच पडू द्या. गवत बी धरल्यावर, नोव्हेंबरनंतर कापा. सुबाभूळ रोप असतानाच मुळासकट उपटा, छाटली की पुन्हा फुटते.

नवी झाडी मुरमावर लावा: हिवर, पळस, बहावा, बारतोंडी. दोन फुटी खड्डे मे महिन्यात, लागवड जूनच्या चांगल्या पावसानंतर, पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी. मुंबईत मिठी नदीलगतचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, सुमारे ३७ एकर, कचराभूमीवर उभं राहिलं. पहिलं झाड १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांनी लावलं, लोकांसाठी ते १९९४ मध्ये खुलं झालं. मुरमावर झाडी होते, पण इतकी वर्षं घेते. त्यामुळे आधी ओढ्याकाठच्या प्रत्येक झाडाचा घेर चुन्याने जमिनीवर आखा आणि मगच कंत्राटदाराला ट्रॅकची दोरी धरू द्या.