सामुराईला वाकवलं ते शोगुनच्या तलवारीने की तांदळाच्या पोत्याने?

कोठीवाला

जपानचा सामुराई म्हटलं की डोळ्यांपुढे कमरेच्या दोन तलवारी आणि मरणाची बेफिकिरी येते. प्रत्यक्षात १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडल्यावर, १६३७-३८ चं शिमाबाराचं बंड सोडलं, तर या माणसाला लढाई उरलीच नाही. पुढची दोनशेच्या वर वर्षं तो तलवार लावून कचेरीत गेला आणि वर्षातून तीनदा तांदूळ घेऊन आला. माझं म्हणणं असं की तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, त्याला मुठीत ठेवलं ते या तांदळाच्या पगारामुळे, आणि सावकाराच्या ओट्यावर नेऊन बसवलं तेही त्याच पगाराने. तलवार हा गणवेशाचा भाग.

आधी मापं. १ कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात १५० किलोच्या आसपास तांदूळ. एका माणसाचं वर्षाचं खाणं, ही त्यामागची कल्पना. १०,००० कोकुंच्या वर उत्पन्नाचा मुलूख असला की तो दाइम्यो, म्हणजे प्रांताचा सरदार; कागा प्रांताचे माएदा तर १० लाखांच्या वर. ही झाली वरची मंडळी. शोगुनचे थेट चाकर म्हणजे हातामोतो आणि गोकेनिन. यांतले गोकेनिन बहुतेक सगळे आणि हातामोतोही पुष्कळसे बिनजमिनीचे. त्यांचा तांदूळ शोगुनच्या राजधानीतल्या, एदोतल्या (आजचं टोकियो) कुरामाएच्या सरकारी कोठारांतून पोत्यांच्या हिशेबाने मिळे. शोगुनच्या दप्तरी पोतं ०.३५ कोकुचं, म्हणजे १०० पोत्यांचा चाकर ३५ कोकुंचा धनी. पाव हिस्सा वसंतात, पाव उन्हाळ्यात, उरलेला अर्धा हिवाळ्यात.

पाच-सहा तोंडं आणि एखाददोन नोकर धरले तर ८-१० कोकु घरातच संपले. बाकीचे विकायचे, कारण तेल, कापड, घरदुरुस्ती, वरिष्ठांकडच्या भेटवस्तू, सगळ्याला नाणं लागे. इथे फुदासाशी हा दलाल येतो. चाकराच्या नावाची चिठ्ठी बांबूला लावून कोठारासमोरच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यात खोचायची आणि पाळीची वाट पाहायची; चिठ्ठी खोचणारा तो फुदासाशी. १०० पोती उचलून आणायचे १ बु, विकून द्यायचे २ बु. बु आणि ऱ्यो ही सोन्याची नाणी, ४ बुंचा १ ऱ्यो. कोकुला १ ऱ्यो भाव धरला तर ३५ ऱ्योंवर दलाली पाऊण ऱ्यो, जेमतेम दोन टक्के. एवढ्यावर कोणी गब्बर होत नाही. खरी कमाई पुढच्या हप्त्याच्या तारणावर दिलेल्या उचलीत होती. १७२४ मध्ये १०९ फुदासाशींच्या संघाला मान्यता मिळाली आणि व्याजाला वर्षाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. मर्यादा म्हणा हवं तर. हप्ता फुदासाशीच्याच हाती पडे, त्यामुळे वसुलीला कोणाचं दार वाजवायची गरज नव्हती. आधी आपलं कापून घ्यायचं, मग उरलं तर मालकाला द्यायचं.

तटसरनोबत

हिशेब चोख, निष्कर्ष उलटा. पगारी माणूस बंड करत नाही हे मान्य, पण त्याला पगारी केलं कोणी? १५८८ मध्ये हिदेयोशीने, तोकुगावांआधीच्या सत्ताधीशाने, शेतकऱ्यांची शस्त्रं जप्त केली. १५९१ च्या हुकमाने शिपायाने शेतकरी वा व्यापारी व्हायचं नाही, शेतकऱ्याने गाव सोडून धंदा करायचा नाही, असं ठरलं. शिपाई जमिनीवरून उठला आणि किल्ल्याच्या पायथ्याच्या शहरात आला. पोतं त्यानंतरचं.

दाइम्योंचं बघा. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर चोशूच्या मोरी घराण्याचा मुलूख सुमारे १२ लाख कोकुंवरून तिसऱ्या हिश्शावर आणला. १६३५ मध्ये सान्किन कोताई सक्तीची झाली: एक वर्ष आपल्या प्रांतात, एक वर्ष एदोत, आणि बायकामुलं कायमची एदोत. ओलीसच ते. एदोच्या वाटेवरच्या हाकोनेच्या नाक्यावर एदोतून बाहेर पडणाऱ्या बाईचा परवाना तपासला जाई. ती विधवा, भिक्षुणी की केस कापलेली, हे त्यात लिहिलेलं असे, आणि तपासायला बायकाच नेमलेल्या. नोंद आणि समोरची बाई जुळली नाही की परत पाठवणी. वर येण्याजाण्याच्या खर्चाने दाइम्यो कंगाल होतील ही तजवीज होतीच. याला लष्करी राजवट नाही तर काय म्हणायचं?

तिरकस

सरनोबत, बाकी +१, पण ‘कंगाल करायची तजवीज’ हे सगळीकडे छापलेलं असलं तरी पटण्यासारखं नाही. १६३५ च्या त्याच फर्मानात म्हटलंय की बरोबरच्या माणसांची संख्या अलीकडे फार वाढली आहे, त्याने प्रांताचा खर्च होतो आणि प्रजेला त्रास, तेव्हा ती ऐपतीप्रमाणे कमी करा. लुटायला निघालेला माणूस काटकसर शिकवत नाही. मूळ गोष्ट हजेरीची होती: धन्याच्या दारात येऊन चाकरी रुजू करायची. मिरवणुका फुगल्या त्या दाइम्योंच्या आपसातल्या चढाओढीने. कागाचा लवाजमा दोन हजारांच्या वर, कानाझावा ते एदो सुमारे ४८० किलोमीटर, १२-१३ दिवस. पावसाने नदी फुगली की काठावर मुक्काम वाढला आणि सगळ्यांच्या जेवणाराहण्याचं बिल चढत गेलं. तरी खरा खड्डा प्रवासाने नव्हे, एदोतल्या वाड्यांनी पाडला. तिथे शेकडो माणसं बारमाही पोसायची आणि खर्च नाण्यात.

वाळवी

तुम्ही दोघंही देवळं विसरलात. नाके वाटेवर होते, पाळत मात्र गावात हवी होती आणि ती भिक्षूंनी ठेवली. ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यावर, विशेषतः शिमाबारानंतर, प्रत्येक घराने कुठल्या ना कुठल्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचं आणि ‘हा ख्रिस्ती नाही, आमचा यजमान आहे’ असा दाखला घ्यायचा, हे सार्वत्रिक झालं. जन्म, लग्न, मृत्यू, स्थलांतर सगळं त्या वह्यांत. धर्माची वही हळूहळू खानेसुमारीची झाली. यात गफलत व्हायची ती अशी: दाखला भिक्षूच्या हातात, म्हणून श्राद्धाची दक्षिणा आणि छपराच्या दुरुस्तीची वर्गणी नाकारणं यजमानाला परवडेना. बौद्ध असूनही निचिरेन पंथाच्या फुजु-फुसे शाखेवर बंदी आली, कारण त्यांना पंथाबाहेरच्यांचं दान घ्यायचं नव्हतं, शोगुनचंही नाही. श्रद्धा कोणती याच्याशी सरकारला फारसं देणंघेणं नव्हतं. ती सरकारी वहीत बसते का, एवढंच बघायचं. आणि पहिला तोकुगावा शोगुन इएयासु १६१६ मध्ये वारल्यावर वर्षभरात निक्कोला त्याचाच देव झाला, हेही जमेस धरा.

कोठीवाला

वाळवी, प्रतिसाद आवडला. तरी मूळ मुद्दा जाग्यावरच आहे. सरनोबत, तुमची लष्करी राजवट तांदळाच्या भावापुढे काय करू शकली ते पाहू. आठवा शोगुन योशिमुने, टोपणनाव ‘तांदूळ शोगुन’. १७२० च्या दशकात त्याने नवी खाचरं काढवली, सारा वाढवला. तांदूळ वाढला म्हणून भाव पडला. बाकीच्या वस्तू उतरल्या नाहीत. म्हणजे पिकाला आधार दिला आणि पीक विकून जगणारा आपलाच चाकर मारला. भाव सावरायला १७३० मध्ये ओसाकाच्या दोजिमा बाजारातल्या वायद्यांना मान्यता द्यावी लागली. १७३२ मध्ये पश्चिमेकडे तुडतुड्यांनी भात खाल्लं, भाव आभाळाला भिडला, आणि १७३३ मध्ये एदोच्या लोकांनी तांदळाच्या व्यापाऱ्याचं घर फोडलं. दोन्ही वेळा शोगुन भावाच्या मागे धावतोय.

तटसरनोबत

आणि १७८९? शोगुनचा मुख्य कारभारी मात्सुदाइरा सादानोबू याने एका हुकमाने हातामोतो-गोकेनिनांची सहा वर्षांपूर्वीची कर्जं रद्द केली, नंतरच्यांवर व्याज ६ टक्क्यांवर आणलं. फुदासाशींचे ११ लाख ८७ हजार ऱ्यो बुडाले. एकाने तरी तलवार उपसली का? उपसायची गरजच पडली नाही. ती कमरेला आहे हे सावकाराला दिसत होतं. १७०५ मध्ये ओसाकाच्या योदोया घराण्याची सगळी इस्टेट जप्त झाली, ऐपतीबाहेरचा थाट हे कारण देऊन. साठवायचं सावकाराने आणि पाहिजे तेव्हा उचलायचं शोगुनने. यात वाकलं कोण?

कोठीवाला

१७८९ चं पुढचं पानही वाचा की. हुकूम निघाल्यावर फुदासाशींनी हात आखडले. वर्षअखेरीला उचल मिळेना, तेव्हा माफी मिळालेलेच चाकर रडकुंडीला आले. शेवटी सरकारने एदोतल्या सारुयाचोत कचेरी काढली आणि त्याच फुदासाशींना भांडवल पुरवलं, कशासाठी तर पुन्हा कर्ज द्यायला. तलवारीने जुनं कर्ज कापता आलं, नवं उपसता आलं नाही.

खाचर

अवांतर: ते पोतं म्हणजे तवारा, भाताच्या पेंढ्याचं. कोकणातला मुडा डोळ्यांपुढे आणा, फक्त आकार पिंपासारखा. आत असायचा तो बिनसडीचा तांबूस तांदूळ. कांडून पांढरा केला की वजन घटतं, म्हणून ‘३५ कोकु’ तसेच्या तसे ताटात पडत नाहीत.

आता मुद्द्याचं. दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतावर ५० लाख ऱ्यो कर्ज झालं, तेव्हा १८३० च्या दशकात तिथला कारभारी झुशो हिरोसातो याने सावकारांना सांगितलं की बिनव्याजी, २५० वर्षांच्या हप्त्यांत फेडतो. १८७१ मध्ये प्रांतच बरखास्त झाले, म्हणजे हप्ते पस्तीसेक वर्षंच. हे उदाहरण सरनोबतांच्या खात्यात जायला हवं.

तिरकस

खाचर, एक पुरवणी. सात्सुमाचा आकडा ७ लाख ७० हजार कोकु म्हणून मिरवतात, पण तो टरफलासकट भाताचा. तांदूळ त्याच्या निम्म्याच्या आसपास. ५० लाखांचं ओझं किती हे ठरवताना भागायचं ते या निम्म्याने.

तटसरनोबत

निम्म्याने भागलं तर हप्ते २५० वर्षांचे का पडले तेही कळतं. पण सावकार ‘हो’ का म्हणाले, हे कोठीवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही.