मदत हवी आहे : उंटांमधला सर्रा (चावणाऱ्या माश्यांतून पसरणारा, रक्तातल्या परजीवीचा आजार)

नमस्कार मंडळी. मी ओमानमध्ये सलालाहजवळ पशुवैद्य आहे. खरीफच्या, म्हणजे इथल्या मोसमी पावसात डोंगरावर चिखल आणि चावणाऱ्या माश्या वाढतात, म्हणून मालक उंट मैदानात उतरवतात. यंदा एका कळपात मला सर्र्याचा संशय आहे : ताप येतोजातोय, पाठीवरचे उंचवटे (मदारी) ओसरलेत, डोळ्यांची आतली कड पांढरीफटक, दोन उंटिणी गाभडल्या. गर्भपात घडवणाऱ्या आणि दुधातून माणसांनाही होणाऱ्या ब्रुसेला जंतूसाठी नमुने पाठवलेत, कारण घरची मुलं कच्चं दूध पितात. रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसले नाहीत. पण सर्र्यात ते रक्तात सतत सापडत नाहीत. सर्र्यावरचं डिमिनाझिन हे औषध उंटांना सोसत नाही, म्हणून मेलारसोमिन हे दुसरं औषध (०.२५ मिग्रॅ प्रतिकिलो वजन) देणार आहे. आजारी जनावरांनाच द्यावं की सगळ्या कळपाला? आखातात किंवा बिकानेरकडे उंटांवर काम केलेल्यांनी कृपया लवकर सांगा, आणखी एक उंटीण गाभण आहे.