लाइट गेल्यापासून एसी नुसती हवा मारतोय, रिसेट नेमका करतात कसा?

खिडकीजवळचा
नमस्कार मंडळी. घरी इन्व्हर्टर स्प्लिट आहे, हॉट अँड कोल्ड वाला, म्हणजे उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम दोन्ही त्याच्यावरच. परवा रात्री लाइट गेली, आली, परत गेली, परत आली आणि तेव्हापासून इनडोअर सुरू होतं, पंखा फिरतो, हवा येते पण गार अजिबात नाही, आणि थोड्या वेळाने पुढचा दिवा लुकलुकायला लागतो. कुठेतरी वाचलं की रिमोटच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट करायचं, ते केलं, रिमोटचं घड्याळ शून्यावर आलं, बाकी एसी ढिम्म. एमसीबी पाडून लगेच वर केला, तरी तेच. सर्व्हिसवाल्याला फोन लावला तर तो न बघताच म्हणतो गॅस संपला असणार, भरावा लागेल. आता लाइट जाण्याने गॅस कसा काय संपेल?? आणि हो, मागच्या थंडीत हीटवर असताना मधेच हवा यायची बंद व्हायची आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघताना दिसायची, तर हा तोच प्रॉब्लेम वाढत वाढत इथवर आलाय का?

पाना_पक्कड
पहिली गोष्ट, टाचणीने जे केलंत तो फक्त रिमोटचा रिसेट, एसीला त्याचा पत्ताही नाही. आणि वायफायचा रिसेट म्हणून जो असतो तो फक्त राउटरचं नाव पासवर्ड विसरतो, त्याचाही कूलिंगशी संबंध नाही. एसीचा रिसेट म्हणजे त्याची वीज पूर्ण काढणे, बस. पण लगेच वर करून उपयोग नसतो, कारण इन्व्हर्टरच्या आउटडोअर बोर्डवर मोठे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे पार्ट) असतात, २३० व्होल्टची लाइन डीसी केली की ते ३०० च्या वर जाऊन बसतात आणि वीज तोडली तरी काही मिनिटं भरलेलेच राहतात, मग बोर्ड धड मरतच नाही तर नवा काय सुरू होणार. रिमोटने बंद करा, मग एमसीबी खाली, स्टॅबिलायझर असेल तर तोही बंद, आणि १० मिनिटं हात लावू नका. मग वर करून कूल मोड, १८, पंखा फुल. ऑटो मोड नको, ऑटोमध्ये त्याला वाटलं तर तो नुसता पंखाच चालवेल आणि तुम्ही बसाल वाट बघत. सुरू केल्यावर किमान ३ मिनिटं कॉम्प्रेसर मुद्दाम थांबतो, पाइपातलं दोन्हीकडचं प्रेशर सारखं व्हायला हवं म्हणून, त्यामुळे लगेच गार नाही आलं म्हणून परत बंद चालू बंद चालू करू नका.

पण हे सगळं करायच्या आधी तो दिवा कसा लुकलुकतो ते मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. किती वेळा, मधे किती थांबतो, टायमरचा दिवा पण लागतो का. वीज काढली की बऱ्याच मॉडेलमध्ये तो कोड पुसला जातो आणि मग येणारा माणूस अंदाजपंचे सुरू करतो. कोडचा तक्ता मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर असतो, कधीकधी आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. ते झाकण तुम्ही उघडू नका, कपॅसिटर भरलेले राहतात हे वर लिहिलंच आहे, झटका बसेल.

उंटावरून
फिल्टर धुवा आधी. दहातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पाना_पक्कड
@उंटावरून फिल्टर तर धुवावाच, पण फिल्टर चोंदला की हवाच कमी येते आणि कॉइलवर बर्फ धरतो. यांच्याकडे हवा व्यवस्थित येतेय, दिवा लुकलुकतोय, आणि हे सगळं लाइटच्या खेळानंतर झालंय. इथे फिल्टरचा काय दोष.

खटाटोप
गॅसबद्दल माझे दोन शब्द कारण हे ऐकून ऐकून डोकं फिरतं. गॅस हा पेट्रोल नाही वापरून संपायला. तो बंद पाइपात गोल गोल फिरतो, कमी झाला तर कुठून तरी गळतोय आणि ती गळती न शोधता भरला तर परत गळणारच. खुणा ठरलेल्या असतात: इनडोअर कॉइलवर जिथून गॅस आत येतो तेवढ्याच भागावर बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, फ्लेअर नटच्या (पाइप जोडणारा नट) जोडाला तेलाचा चिकट डाग (गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं म्हणून), आणि कूलिंग एकदम नाही तर हळूहळू कमी होत गेलेलं. आणि महत्त्वाचं म्हणजे गॅस थोडा कमी असला तरी आउटडोअर सहसा सुरू तरी होतं, काही वेळ चालून गरम होऊन बंद पडतं. तुमचं आउटडोअर सुरू होतंय का ते आधी सांगा, पंखा फिरतो का, कॉम्प्रेसरची घरघर येते का. ते जर मुळात हलतच नसेल तर गॅसची गोष्ट करणाऱ्याला नमस्कार करा आणि दुसरा माणूस बोलवा.

कधी भरावाच लागला तर एवढं बघा, जोडावर साबणाचा फेस लावून गळती दाखवली पाहिजे, व्हॅक्यूम पंप लावला पाहिजे आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला पाहिजे. किती भरायचा ते नेमप्लेटवर लिहिलेलं असतं. नुसता गेज बघून "झालं साहेब" म्हणणारे इन्व्हर्टरवर फसतात, कारण कॉम्प्रेसरचा स्पीड बदलला की प्रेशरही बदलतं. गॅस आर ३२ प्रकारचा असेल तर तो ज्वलनशील वर्गातला आहे, सौम्य असला तरी, त्यामुळे गॅस आत असताना त्या पाइपाला कोणी ब्रेझिंगचा (पाइप तापवून सांधायचा) टॉर्च लावत असेल तर तिथेच थांबवा.

हिवाळी_पाहुणी
थंडीतल्या वाफेचं मी सांगते, तो बिघाड नाहीच, डिफ्रॉस्ट आहे. हीटवर बाहेरची कॉइल हवेपेक्षा गार होते, हवेतली वाफ तिच्यावर गोठते, मग मशीन रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवणारा) फिरवून थोडा वेळ स्वतःच कूलिंगमध्ये जातं म्हणजे बाहेरची कॉइल गरम होऊन बर्फ वितळावा. तेवढा वेळ आतला पंखा मुद्दाम बंद, नाहीतर तुमच्या अंगावर गार हवा आली असती. पाचदहा मिनिटांत आपोआप परत गरम सुरू होतं. त्या वेळी लोक घाबरून बंद करतात आणि बर्फ तसाच राहतो.

खिडकीजवळचा
सगळ्यांचे खूप आभार, वाफेचं डोक्यातून गेलं एकदाचं. व्हिडिओ काढला, मग १० मिनिटंवालं केलं. तेच. ऑपरेशनचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि परत तसाच, मॅन्युअलमध्ये त्यापुढे लिहिलंय "इनडोअर आउटडोअर कम्युनिकेशन". बाल्कनीत जाऊन बघितलं, आउटडोअर पूर्ण शांत, पंखा नाही घरघर नाही काही नाही. आता काय?

पाना_पक्कड
मग गॅस सोडून द्या. कम्युनिकेशन म्हणजे आतलं बोर्ड बाहेरच्याला हाक मारतंय आणि उत्तर येत नाही. उत्तर न यायची कारणं मोजकी आहेत. एक, दोघांमधली केबल, तिच्यात फेज, न्यूट्रल, सिग्नल आणि अर्थ अशा वायर असतात, टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला, मधे कुठे जोड देऊन टेप गुंडाळलेला असला, उंदराने कुरतडली, किंवा कोणी उघडल्यावर वायरींची अदलाबदल केली. दोन, बाहेरचं बोर्डच मेलंय. तुमच्याकडे लाइटचा झटका बसलाय म्हणून मी दुसऱ्यावर पैज लावेन. तिथे इनपुटला व्हॅरिस्टर म्हणून गोल चपटा पार्ट असतो, व्होल्टेज उसळलं की तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचा बोर्ड वाचवतो. वाचला तर फक्त व्हॅरिस्टर आणि फ्यूज बदलून काम होतं. टेक्निशियनला एवढंच सांगा की आधी आउटडोअरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोज. तिथे २३० पोचतंय आणि तरी बोर्डवरचा एलईडी लागत नाही तर बोर्ड, पोचतच नाही तर केबल किंवा आतला रिले (बोर्डवरचा वीज चालू बंद करणारा स्विच). पाच मिनिटांचं काम आहे, पण सरळ "पूर्ण बोर्ड बदला" म्हणणारे बरेच भेटतील.

एमसीबी परत परत पडत असता तर वेगळं सांगितलं असतं. तसं कोणाचं होत असेल तर दाबून दाबून वर करू नका, कॉम्प्रेसरची वाइंडिंग बॉडीला लागलेली असू शकते.

उंटावरून
थोडं विषयांतर, आमच्याकडे स्प्लिट नाही, भिंतीवर थर्मोस्टॅट आणि डक्टवाली सेंट्रल सिस्टिम, हीट पंपच आहे, म्हणजे गार गरम दोन्ही करणारा. थर्मोस्टॅट विचित्र वागत होता म्हणून फॅक्टरी रिसेट केला तर आता कूल लावलं की गरम हवा येते आणि हीट लावलं की गार. हसू नका.

हिवाळी_पाहुणी
हसले 😄 पण सोपं आहे. फॅक्टरी रिसेटने वायफायबरोबर इन्स्टॉलरच्या सेटिंगही जातात. रिव्हर्सिंग व्हॉल्व्हला कूलिंगमध्ये करंट द्यायचा की हीटिंगमध्ये हे त्यात ठरवावं लागतं, मेन्यूमध्ये ओ / बी असं काहीतरी दिसेल, ते उलटं करा. सिस्टिम टाइप हीट पंप आहे ना तेही बघा, रिसेटनंतर साधी फर्नेस (नुसती गरम करणारी भट्टी) धरलेली असू शकते. पुढच्या वेळी आधी सगळ्या पानांचे फोटो. आणि थर्मोस्टॅट कधी एकदम काळाच पडला तर बॅटरी, मग फिल्टर बदलल्यावर युनिटचं दार नीट बसलंय का (आत एक स्विच असतो, दार उघडं तर सगळं बंद), मग ड्रेनच्या ट्रेत पाणी साचून फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून सप्लाय तोडणारा) वर आलाय का ते बघा. हे सगळं ठीक असेल तर कंट्रोल बोर्डवरचा गाडीच्या फ्यूजसारखा दिसणारा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज, मेन बंद करून मगच.

उंटावरून
ओ चं बी केलं. गार. दंडवत.

खिडकीजवळचा
अपडेट. दुसरा टेक्निशियन आला, व्हिडिओ दाखवला तर खूश झाला, म्हणाला असं कोणी देत नाही. बाहेर टर्मिनलवर व्होल्टेज बरोबर होतं, बोर्डवरचा एलईडी बंद. उघडलं तर व्हॅरिस्टर काळा पडून फुटलेला आणि फ्यूज गेलेला. दोन्ही बदलले, बोर्ड बाकी ठीक निघाला, सुरू झाला. गॅसला हातच लावला नाही. आता अर्ध्या तासाने पंख्याजवळ गार हवा आहे पण हे पुरेसं गार आहे का कसं कळणार?

खटाटोप
साधं थर्मामीटर घ्या, वरून आत जाणारी हवा मोजा आणि खालून बाहेर येणारी मोजा, पंखा फुल ठेवून. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर ठीक चाललंय. खोली खूप दमट असेल तर फरक थोडा कमी दिसतो, घाबरू नका.

पाना_पक्कड
आणि एक, टेक्निशियन अजून तिथे असेल तर हीट पण चालवून घ्या. खोली तापलेली असताना हीट सुरूच होणार नाही, सेट केलेल्यापेक्षा खोली गरम म्हटल्यावर मशीन कशाला चालेल, म्हणून आधी खोली गार करा मग हीट आणि ३०. मोड बदलताना बाहेरून फस्स असा आवाज येईल तो रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचा. त्याची कॉइल पण त्याच बोर्डवरून चालते, झटक्यात तिचा रिले गेला असेल तर थंडीपर्यंत कळणार नाही.

खिडकीजवळचा
तो जिना उतरत होता, परत बोलावला. फस्स आला, थोडं थांबून गरम पण आली. आता एवढंच सांगा, साधा स्टॅबिलायझर पुरेल की सर्ज प्रोटेक्टर वेगळा लावावा लागतो?

पाना_पक्कड
कामं वेगळी आहेत. स्टॅबिलायझर कमी जास्त व्होल्टेज सांभाळतो, पण क्षणभराचा झटका त्याच्या रिलेला दिसेपर्यंत पुढे गेलेला असतो. सर्ज प्रोटेक्टर मेन बोर्डात बसतो आणि अर्थिंग नीट असेल तरच काम करतो, म्हणून आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. स्टॅबिलायझर घेतलात तर टाइम डिले वाला घ्या, लाइट येताक्षणी सप्लाय न देणारा.