सल्ला हवा: हायपरलॉगलॉगला कोणीतरी गंडवतंय

चप्पलवाला_डेव्ह
भावांनो, कोल्हापुरात राजारामपुरीत बसून दोन-तीन चप्पल दुकानदारांची साइट सांभाळतो. प्रत्येक जोडाखाली 'किती जणांनी पाहिलं' हा आकडा येतो, मागे रेडिस या डेटाबेसचा हायपरलॉगलॉग, म्हणजे वेगळे आयडी किती आले ते यादी न ठेवता अंदाजानं मोजणारी पद्धत. 12 केबीत काम, चूक 0.81 टक्के, खूश होतो. परवा एका कापशी चपलेचा आकडा थेट 2 कोटींवर! लॉगमध्ये रिक्वेस्ट 22 हजार. 2011 ला अख्ख्या जिल्ह्यात माणसंच 38 लाख होती राव. दुसरं काय वापरू?

शिरोलीकर
बग न्हाई, कोणीतरी डाव टाकलाय. हायपरलॉगलॉग प्रत्येक आयडीचा हॅश, म्हणजे विस्कटलेला आकडा, काढतो आणि त्यातल्या शून्यांच्या लांब रांगांवरून अंदाज बांधतो. रेडिसमधल्या मर्मरहॅश या हॅशचं सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, ठरलेलं, सोर्समध्ये उघडं. घरी बसून शून्यांची लांब रांग देणारे आयडी शोधले की झालं. ती 0.81 ची हमी, हॅश न बघता इनपुट येतंय असं धरूनच दिलेली असते.
2020 चा बेन-एलिएझर, जयराम, वुडरफ, योगेव यांचा पेपर बघ. स्केच स्विचिंग (स्केच म्हणजे असला अंदाजी मोजणीचा छोटा सारांश): त्याच्या बऱ्याच प्रती चालवायच्या, एकीचं उत्तर बाहेर दिसलं की ती बाद, पुढचं उत्तर नव्या प्रतीतून. आकडा 10 टक्के वाढल्यावरच बदलून दाखवलास तर 10 लाखांपर्यंत साधारण 145 प्रती लागतील.

तांबडा_रस्सा
145 गुणिले 12 केबी, म्हणजे एका जोडामागे पावणेदोन एमबी? रोगापेक्षा इलाज भयंकर. त्याच पेपरात पुढे आहे की, वेगळे किती एवढंच मोजायचं तर गुप्त किल्ली पुरते, कारण तोच आयडी परत आला तरी स्केच हलत नाही. कोणता आयडी किती वेळा आला त्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज काढणाऱ्या एएमएस स्केचला ही सूट नाही, तिथं नुसती किल्ली पुरत नाही.
तू आयडी आधी एचमॅकमधून, म्हणजे गुप्त किल्ली घातलेल्या हॅशमधून, काढ, मग रेडिसला दे. पण किल्ली प्रत्येक जोडाला वेगळी, आणि आकडा शून्यावर आणशील तेव्हा नवी. एकच ठेवलीस तर एका पानावर कोणते आयडी आकडा हलवतात ते बघून गडी तेच दुसरीकडे वापरणार.

चप्पलवाला_डेव्ह
लई भारी! किल्ली घालून तेच 22 हजार आयडी परत सोडले, आकडा 22,140.

तांबडा_रस्सा
अरे पण ते 22 हजार तरी खरे कुठायत? आयडी ब्राउझरनं बनवायचा नाही, सर्व्हरनं सही करून द्यायचा. हे हॅशच्या आधीचं काम.

शिरोलीकर
आणि एका जोडाला खरी गिऱ्हाइकं किती बघतात? चार-पाच हजार असतील तर साधा सेट, म्हणजे आयडींची पूर्ण यादी, ठेव की. तिथं अंदाजच नाही, समोरचा फिरवणार काय?

चप्पलवाला_डेव्ह
तीन हजारसुद्धा नाहीत. 😅 सेटच करतो.