मदत हवी आहे: सही २०२० ला, अंमल २०२५ ला. मधे कायदा कुठे होता?

मंडळी, कायद्यातलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा. मी सोलापूरचा, कुंभारीत राहतो. आई विडी कामगार. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पानं कापायची, असं दिवसभर चालतं. गल्लीतल्या मावश्यांना एवढंच कळलंय की विडी कामगारांचा १९६६ चा कायदा गेला आणि नवीन संहिता आल्या. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलंय म्हणून सगळ्या मलाच धरतात.

पुस्तकात आहे: तीन वाचनं, दोन सभागृहं, राष्ट्रपतींची सही, झाला कायदा. १९६६ च्या कायद्याच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता २२ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत मंजूर, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, त्याच महिन्यात सही. मग लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ का उजाडला? मधे २०२४ ची निवडणूकही झाली. आमचे एक काका तर छातीठोकपणे सांगतात, नवी लोकसभा आली की जुनं सगळं बाद.

प्रतिसाद १
काकांचं अर्धंच बरोबर आहे. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यासमोर पडून असलेली विधेयकं बाद होतात, राज्यसभेनं मंजूर करून पाठवलेलीसुद्धा. महिला आरक्षणाचं तेच झालं. राज्यसभेत मार्च २०१० ला मंजूर, लोकसभेत मतदानाला आलंच नाही, २०१४ ला बाद. २०२३ ला नव्यानं विधेयक आणावं लागलं. पण सही झाली की तो अधिनियम, म्हणजे पक्का कायदा, त्याला निवडणुकीशी देणंघेणं नाही.

आता पाच वर्षांचं. संहितेचं पहिलंच कलम काढून बघ. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख नेमेल तेव्हापासून लागू, असं तिथंच लिहिलंय. संसदेनं कुलूप बनवलं, किल्ली सरकारच्या खिशात. त्यात कामगार हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला. केंद्रानं आपले नियम करायचे, राज्यानं आपले, आधी मसुदा छापून हरकती मागवायच्या. तोवर मावश्यांना १९६६ चाच कायदा लागू होता. तारीख कायद्यातच घालायला संसदेला कुणी अडवलं नव्हतं, हे माझं मत.

प्रतिसाद २
भर घालतो. हे विधेयक आधी २०१९ ला मांडलं होतं. ते विधेयकं तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीकडे गेलं, मग सरकारनं मागे घेऊन २०२० ला नवीन आणलं. राज्यसभेत मंजूर झालं तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता, त्यामुळे चर्चेत फार काही सापडणार नाही. समितीचा अहवाल वाच, तो जास्त कामाचा.

धागाकर्ता
दादा, दोघांचेही आभार. एकच राहिलं. १९६६ च्या कायद्याखाली केलेले नियम आता गेले का? मावश्यांचा खरा जीव त्यातच अडकलाय.

प्रतिसाद १
लगेच नाही. संहितेच्या शेवटी निरसन आणि व्यावृत्तीचं कलम आहे, म्हणजे जुने कायदे रद्द करताना त्यातलं काय टिकवायचं ते सांगणारं. नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढे जुने नियम चालू राहतात. मावश्यांना आधी तेच वाचून दाखव.