विषय: फ्रिज परत बसला, शनिवारच्या आत काहीतरी करा

सुधीर (माजिवडा), बुधवार रात्री १०:२०

मंडळी,

मंडळाच्या प्रवासी गाडीतला, मंदारने अमेरिकेतून पाठवलेला फ्रिज परत बसला. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून आत ठेवला होता, १७ अंश दाखवतोय. विजेवरही तेच, गॅसवरही तेच. शनिवारी पहाटे गुहागरला निघायचंय, दोन वेळचं जेवण आणि विद्याताईंचा खरवस त्यातच जाणार आहे. २३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी आहे, कोणी हलवलेला नाही, तेव्हा मागे होळीला केलीत तशी तिथूनच सुरुवात करू नका.

उद्या संध्याकाळपर्यंत उपाय सांगा. नाहीतर बर्फाच्या पेट्या भाड्याने आणाव्या लागतील, आणि त्याचे पैसे वाहन समितीच्या खात्यातून जाणार नाहीत.

निखिल (ऐरोली), बुधवार रात्री १०:५०

माझा वाशीचा एसीवाला उद्या दुपारी मोकळा आहे. गॅस कमी झाला असणार म्हणतो, भरून देईल. सांगू का?

बापूकाका (खारघर), बुधवार रात्री ११:३५

निखिल, त्याला गाडीच्या जवळपासही येऊ देऊ नकोस. ह्या फ्रिजला कॉम्प्रेसर नाही आणि गॅस भरायला व्हॉल्व्हही नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन पोलादी नळ्यांत कायमचे वेल्ड करून बंद केलेले असतात. मागे खाली बॉयलर असतो. त्याला उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, वरच्या पात्यांत उष्णता टाकून पातळ होतो, आणि आतल्या नळीत हायड्रोजनमध्ये उडून जाताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. मग खाली येऊन पुन्हा पाण्यात विरघळतो. एक भाग हलत नाही, म्हणून आवाज नाही. स्टॉकहोमच्या प्लाटेन आणि मुंटर्स ह्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली हे काढलं. पुढे आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनीही ह्याच वाटेने जाणाऱ्या फ्रिजचं अमेरिकन पेटंट घेतलं, १९३० साली. तुझा एसीवाला त्यात काय भरणार?

सुधीर, मागचं खालचं जाळीचं दार उघड. नळ्यांवर पिवळी पूड किंवा डाग आहे का बघ, अमोनियाचा वास येतो का बघ. असेल तर वीज-गॅस दोन्ही बंद कर, दारं उघडी ठेव आणि पुडीला हात लावू नकोस. ते गंज रोखायला घातलेलं क्रोमेट आहे, विषारी असतं. तसं असेल तर युनिट संपलं, नवीनच बसवावं लागेल. नसेल तर दुसरा प्रश्न, गाडी सपाट उभी आहे का? तुमच्या सोसायटीचा रॅम्प मी पाहिलाय.

मंदार (एडिसन, न्यू जर्सी), गुरुवार सकाळी ७:१०, तुमच्याकडची वेळ

काका, मी मागेच म्हटलं होतं की भारतात ५० हर्ट्झ आहे आणि फ्रिज ६० चा आहे. माझ्या ट्रेलरमध्ये हाच फ्रिज कधी कुरकुरला नाही. कंटेनरमधून पाठवला तेव्हा उत्तम चालत होता, हे सगळ्यांना माहीत आहे. तिकडे त्याच्यावर काय प्रयोग झाले ते मला ठाऊक नाही.

बापूकाका, गुरुवार सकाळी ७:४०

मंदार, आत साधी हीटरची कांडी आहे. तिला ५० काय आणि ६० काय. मोटर असती तर तुझा मुद्दा होता. व्होल्टेजचं मात्र खरं: १२० ची कांडी थेट २३० ला लावली तर साडेतीन पटींहून जास्त उष्णता काढेल आणि जळेल. त्यासाठीच ट्रान्सफॉर्मर. शिवाय गॅसवरही गार होत नाही म्हटल्यावर विजेचा वाद घालण्यात अर्थ नाही.

यादी-व्यवस्थापक, गुरुवार सकाळी ८:००

कृपया हा धागा ठाणे-नवी मुंबईच्या वेगळ्या यादीवर न्यावा. इथे शिकागो, डॅलसचेही सभासद आहेत, त्यांना रॅम्पशी कर्तव्य नाही.

विद्या (नेरूळ), गुरुवार सकाळी ८:२५

तुमच्या हळदीकुंकवाच्या साड्यांचे रंग आम्ही पंधरवडाभर वाचले. हा धागा इथेच राहील. काका, रॅम्पचा काय संबंध?

बापूकाका, गुरुवार सकाळी ८:५०

विद्या, आतलं द्रव पंपाने नाही, स्वतःच्या वजनाने परत येतं. फ्रिज कलता असला की ते नळीत साचतं, बॉयलर कोरडा तापतो आणि तेच क्रोमेट खडे होऊन नळी बंद करतं. बहुतेक मॅन्युअलमध्ये डावी-उजवीकडे ३ अंश, पुढे-मागे ६ अंश, एवढीच सूट देतात. चालत्या गाडीत हेलकाव्याने द्रव हलत राहतं, त्यामुळे घाटात काही होत नाही. उभी असतानाच जपायचं. ह्या जुन्या धाटणीच्या फ्रिजला तर जास्तच.

शैला (घोडबंदर रोड), गुरुवार सकाळी १०:१५

सगळ्यांचं विज्ञान झालं असेल तर कोणीतरी सांगा, श्रीखंड किती किलो? आणि मठ्ठा फ्रिजमध्ये मावेल का, की ऐनवेळी वाटेत पळस्प्याला घ्यायचा?

निखिल, गुरुवार सकाळी १०:४०

मठ्ठा पळस्प्याला नको. मागच्या वेळी ज्यांनी घेतला ते अजून बोलत नाहीत.

सुधीर, गुरुवार संध्याकाळी ६:३०

ऑफिसातून लवकर निघालो. पिवळं काही नाही, वास नाही. गाडी रॅम्पवरून उतरवून पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावली, फ्रीझरच्या तळावर पाणसळ ठेवून बघितली, बुडबुडा मधोमध. आता मागे बॉयलर चटका बसेल इतका गरम आहे, खालच्या नळ्या कोमट आहेत. वरच्या पात्या मात्र इतक्या तापल्यात की बोट टेकत नाही. गॅसवर लावला तर ज्योत पिवळी येते.

बापूकाका, गुरुवार संध्याकाळी ६:५५

छान! खालच्या नळ्या कोमट आहेत म्हणजे अमोनिया फिरतोय, युनिट जिवंत आहे. बॉयलर तापून त्या थंडगार असत्या तर मी हात टेकले असते. वरची उष्णता बाहेर पडत नाहीये. ह्या फ्रिजच्या पाठीमागे खालून हवा शिरून छतातून बाहेर पडावी लागते, स्वयंपाकघराच्या धुराड्यासारखी. ठाण्यात मे महिन्यात मुळात पात्या आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक कमी पडतो, त्यात वाट अडली तर संपलंच. जानेवारीत तो गार होत होता ह्याचं कारण थंडी. छतावरची जाळी बघ.

ज्योतीचं वेगळं. आपल्या एलपीजीत ब्यूटेन बरंच असतं, अमेरिकेत गाड्यांना जवळपास प्रोपेनच मिळतो. तेवढ्याच भोकातून ब्यूटेन जास्त आला की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, काजळी धरते. बर्नर पुसून घे, त्याच्या वरच्या नळीतली, म्हणजे चिमणीतली, पिळाची पट्टी काढून ब्रश फिरव. पट्टी ज्या उंचीवर लोंबत होती त्याच उंचीवर परत लाव, खाली घसरली तर उष्णता बॉयलरला न लागता वर निघून जाते.

सुधीर, गुरुवार रात्री ८:४०

फोटो जोडला आहे. छताच्या जाळीवर बरोब्बर मखराची पेटी बसवलेली आहे, दोरीने आवळून, वर ताडपत्री. वाहन समितीला कोणी विचारलं नव्हतं.

शैला, गुरुवार रात्री ९:१०

विचारलं नव्हतं म्हणजे काय? पाडव्यानंतरच्या बैठकीत विषय निघाला होता, तुम्ही त्या दिवशी उशिरा आलात. गाडी मंडळाची आहे, समितीची नाही. थर्माकोल २०१८ मध्ये बंद झाला तेव्हापासून आपण लाकूड आणि कापडाचं मखर वापरतो, ते घडी होत नाही. माझ्या घरी तीन पावसाळे राहिलं, मागच्या वर्षी मखमलीला बुरशी आली, ती मी एकटीने साफ केली. छत कोरडं होतं म्हणून वर ठेवलं. तिथे फ्रिजचं नाक आहे असं कुठे लिहून लावलंय?

निखिल, गुरुवार रात्री ९:२५

मुद्दा शैलाताईंचाच बरोबर आहे, पाटी लावायला हवी. मी ठाणे स्टेशनबाहेरून १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा आणतो, पात्यांच्या खाली वरच्या दिशेने लावू. एसीवाल्याला नको म्हणून सांगितलंय.

मंदार, गुरुवार रात्री ९:५०

पंखा चांगलाच, पण नीट ऐका. आम्ही कोलोरॅडोत होतो तेव्हा ५,५०० फुटांच्या वर गॅसवर ज्योत अशक्त व्हायची, मॅन्युअलमध्येही तसंच लिहिलंय, म्हणून कॅम्पसाइटवर वीज घ्यायचो. आणि बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतो, ते आधी बघा. तिकडच्या गॅरेजवाल्याने हेच सांगून बिल लावलं होतं.

विद्या, गुरुवार रात्री १०:०५

मंदार, गुहागर समुद्रकाठी आहे रे.

सुधीर, शुक्रवार सकाळी ७:१५

पेटी काल रात्री उतरवली. निखिल पंखा घेऊन आला, चिमणी आम्ही दोघांनी साफ केली, काजळीने माझा शर्ट गेला. ज्योत आता निळी, टोकाला किंचित पिवळी. रात्रभर विजेवर ठेवला. सकाळी ९ अंश.

बापूकाका, शुक्रवार सकाळी ७:४५

घाई करू नकोस, असे फ्रिज रिकामे असतानाही पूर्ण उतरायला बारा तासांच्या वर घेतात. दार उघडून बघत बसू नकोस. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लाव, सहज ओढून निघाली तर तिथूनही गळतंय. भरताना सगळं घरच्या फ्रिजमधून गार करूनच ठेवायचं आणि डब्यांमध्ये बोटभर फट सोडायची. आतल्या पात्यांना डबे चिकटवू नका.

सुधीर, शुक्रवार संध्याकाळी ६:१०

४ अंश! नोट घट्ट बसते. पेटी सध्या माझ्या गॅलरीत आहे, आईने सोमवारपर्यंतची मुदत दिलीय.

निखिल, शुक्रवार संध्याकाळी ६:२०

पेटीमुळे की काजळीमुळे, हे कळलंच नाही मग. माझ्या मते पंखा.

बापूकाका, शुक्रवार संध्याकाळी ६:५०

विजेवर तर काजळीचा संबंधच येत नाही, आणि विजेवरही तो १७ वर होता. पेटीच! पंख्याने शेवटचे दोन-तीन अंश उतरले असतील, ते तुझे.

उद्यासाठी: गाडी सुरू असताना १२ व्होल्टवर, थांबलात की लगेच गॅसवर. १२ व्होल्टची कांडी सतत पंधरा-सोळा अँपिअर खाते, चहाला रेंगाळलात तर गाडीची बॅटरी उतरेल. पेट्रोल पंपावर वळण्याआधी गॅस बंद, पायलट ज्योतसुद्धा. सिलिंडर पाच किलोचाच न्या, घरचा लाल नाही. उभं करताना पाणसळ लावा.

शैला, शुक्रवार संध्याकाळी ७:३०

पेटी कोणाकडे जाणार ते आधी ठरवा. माझ्याकडे येणार नाही.

विद्या, शुक्रवार रात्री ८:१५

पेटीचं आल्यावर बघू. श्रीखंड चार किलो, मठ्ठा घरून बाटल्यांत. खरवस मी रात्रभर गार करून पहाटे पावणेपाचला माजिवड्याला आणून देते, सुधीर, मधला कप्पा रिकामा ठेव. सातला पळस्पे फाट्यावर भेटू.